तोंडावर सत्तर, आधारवर अठ्ठावन्न

एसटीच्या कंडक्टरइतक्या झटपट माणसाचं वय ओळखणारं दुसरं कोणी नसेल. वणीहून आमच्या झरीकडे, म्हणजे झरी जामणीकडे, जाणाऱ्या गाडीत हे कसब रोज बघायला मिळतं. ६५ वर्षं पुरी झाली की अर्धं तिकीट, ७५ पुरी झाली की प्रवास फुकट. ही दुसरी सवलत २०२२ च्या ऑगस्टपासूनची. तेव्हापासून कंडक्टर कुठे जायचं ते नंतर विचारतो, आधी तोंड बघतो. तोंड सत्तरीचं असतं. "बाबा, आधार दाखवा." बाबा बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं कार्ड काढतात. त्यावरच्या सालाचा हिशेब केला तर बाबा ५८ चे निघतात.

"बाबा, तुमी तं अजून जवान हा!"

"काय करता भाऊ," बाबा म्हणतात, "थोबाड समोर निंगून गेलं, मी मांगंच राह्यलो."

गाडी हसते, बाबा पूर्ण तिकीट काढतात. बायकांवरचं हे संकट २०२३ च्या मार्चमध्ये टळलं. त्यांना सरसकट अर्धं तिकीट झालं आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मनातल्या मनात गणित करण्याचं कंडक्टरचं काम बरंचसं संपलं. सरकारच्या कुठल्याही निर्णयाने बायकांची यापेक्षा नाजूक सोय केल्याचं मला आठवत नाही.

पण त्या गाडीत खोटं कोणीच नव्हतं. कार्डही खरं आणि तोंडही खरं. कातडीला दोन वयं असतात. एक जन्मतारखेचं, ते सगळ्या अंगाला सारखं. दुसरं उन्हाचं, ते फक्त उघड्या अंगाला. बाबांनी बाही वर सारून दंडाची आतली बाजू कंडक्टरला दाखवली असती तर तिथली कातडी मऊ, एका रंगाची आणि बरोबर ५८ ची निघाली असती. त्याहून पक्का दाखला माणूस ज्यावर बसतो तिथे असतो. तिथे आयुष्यभर ऊन पोचत नाही. त्वचारोगतज्ज्ञ वयाची ही तुलना खरोखरच अशा झाकल्या जागेशी करतात. श्रावणबाळ योजनेलाही ६५ च लागतात, पण तहसील कचेरीने वयाचा हा पुरावा ग्राह्य धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळा दोष उन्हावर ढकलणंही बरोबर नाही. बिडीने सुरकुत्या लवकर पडतात. दात गेले की गाल आत जातात, आणि आमच्या भागातला खर्रा तर तोंडाचा पुरता निकाल लावतो. पण वखर, निंदण, वेचणी, गुरं यांत ज्याची चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली, त्याच्या तोंडावरचं बरंचसं लिखाण उन्हाच्याच हातचं असतं.

हे लिखाण होतं कसं? उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांत दोन जाती. 'बी' जातीचे वरच्या थरातच अडतात. तिथे कातडी भाजते, सोलते, लाल किंवा काळी पडते. हे भांडखोर, पण जे करतात ते तोंडावर करतात. 'ए' जातीचे सोशीक आणि खोल. ते खालच्या थरात उतरतात, आणि कातडीला ताठ ठेवणारे कोलॅजेनचे धागे तोडणारी द्रव्यं तिथे वाढवतात. ओढल्यावर कातडीला परत जागेवर आणणारं इलॅस्टिन जे असतं, त्याच्या तिथे गुठळ्या होतात. या सगळ्यात आग होत नाही, दुखत नाही, त्या दिवशी काहीच कळत नाही. वीस वर्षांनी एकदम कळतं. 'बी' काचेत बऱ्यापैकी अडतात, 'ए' साध्या काचेतून बरेचसे आरपार जातात. पातळ ढगांचंही दोघांना फारसं काही वाटत नाही.

याला कातडीकडे उपाय नाही असं नाही. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की कातडी मेलॅनिन नावाचा काळा रंग तयार करते आणि त्याचे कण पेशीच्या केंद्रकाच्या वर, म्हणजे नेमके ऊन येतं त्या अंगाला, रचून ठेवते. आपण त्याला 'काळा पडला' म्हणून हिणवतो. खरं तर तो नुकसान झाल्यावर केलेला बंदोबस्त असतो. सावळ्या माणसाकडे हा बंदोबस्त जन्मापासून तैनात असतो. म्हणून त्याला सुरकुत्या गोऱ्यापेक्षा पुष्कळ उशिरा पडतात आणि त्वचेचा कर्करोगही आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा फार कमी दिसतो. उलट डाग, वांग, गालांवर एक आणि कपाळावर दुसरा रंग, हे आपल्या वाट्याला जास्त.

बाबांच्या मानेकडे मागून बघण्यासारखं असतं. मानेमागची कातडी जाड होते, तिच्यात खोल आडव्या-तिरक्या रेघा पडून चौकटी-चौकटी दिसतात. आमची काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, हुबेहूब तशी. दवाखान्यात याला भलंमोठं लॅटिन नाव आहे. जगाने मात्र हे पहिल्यांदा शेतकऱ्यांच्या नव्हे, खलाशांच्या अंगावर पाहून लिहून ठेवलं. १८९४ मध्ये पॉल उन्ना या जर्मन त्वचाशास्त्रज्ञाने समुद्रावर आयुष्य काढलेल्या लोकांच्या कातडीचं वर्णन केलं आणि उन्हाने म्हातारी झालेली कातडी वैद्यकाच्या पुस्तकात गेली. झरी जामणीला समुद्र नाही. पैनगंगा आहे, आणि ती उन्हाळ्यात किती नदी असते हा वेगळा प्रश्न आहे. पण माना त्याच.

डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेघांचीही एक गंमत सांगतो. उन्हात डोळे बारीक करून काम केलं की रेघेच्या तळापर्यंत ऊन जात नाही. मग तोच माणूस सावलीत येऊन चेहरा सैल सोडतो तेव्हा काळ्या चेहऱ्यावर पांढुरक्या बारीक रेघा उमटतात. ज्याच्या डोळ्यांजवळ अशा रेघा जास्त, त्याने उन्हाकडे तोंड करून जास्त दिवस काम केलेलं असतं. ज्याच्या नाहीत, तो एक तर गॉगलवाला किंवा ठेकेदार.

या बाबतीत ट्रकवाल्यांचंही ऐकण्यासारखं आहे. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकन ड्रायव्हरचा फोटो छापून आला. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून खिडकीकडचा डावा गाल जाड, लोंबलेला, सुरकुत्यांनी भरलेला. उजवा गाल त्या मानाने तरुण. एकाच चेहऱ्यावर बाप आणि लेक शेजारी बसलेले. आमच्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे वणीच्या कोळशाच्या आणि मुकुटबनच्या सिमेंटच्या गाड्या चालवणाऱ्यांचा उजवा हात बघावा. खिडकीवर टेकलेला तो हात कोपरापर्यंत वेगळ्याच माणसाचा वाटतो. झरीच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून मी ही पाहणी नेहमी करतो, आणि मग सावलीच्या बाजूला जागा शोधतो.

आमच्या उन्हाबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. झरी जामणी म्हटलं की ४५ अंश, नवतपा, वाळ्याच्या ताट्या, कूलरची घरघर आणि "लय तपन हाय आज" हेच डोळ्यांपुढे येतं. ऊन लागून माणूस आडवा होतो ते या तापण्याने. पण कातडी म्हातारी होते ती अतिनील किरणांनी, आणि थर्मामीटरला त्यांचा पत्ता नसतो. ते मोजायचं झरीतलं सगळ्यांत सोपं यंत्र म्हणजे स्वतःची सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की समजावं, किरण जोरात आहेत. मेच्या २० तारखेच्या आसपास झरीत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. जुलैच्या २३-२४ च्या सुमारास हाच प्रकार पुन्हा होतो, पण तेव्हा ढग असतात, चिखलात निंदण चालू असतं आणि सावलीकडे कोणाचं लक्ष नसतं.

आता डिसेंबर घ्या. कापसाची वेचणी चालू आहे, हवा गार आहे, ऊन हवंहवंसं आहे. २२ डिसेंबर, वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. त्या दिवशीही झरीत दुपारी बाराच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ४७ अंशांवर असतो, आणि त्या कोनाचं गणित केलं तर सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच भरते. म्हणजे भर दुपारी सावली माणसापेक्षा लांब पडते असा एकही दिवस झरी जामणीच्या वर्षात नाही. मेमधल्या तपनीला आपण घाबरतो आणि झाकून घेतो. डिसेंबरचं ऊन अंगावर घेत आपण कापूस वेचतो आणि ते चोरपावलांनी आपलं काम उरकतं.

ज्यांनी रानातली कामं लावून दिली त्यांना हे सावलीचं शास्त्र पाठ असावं. मोहफुलं वेचायला कोलाम-गोंडांच्या बायापोरी उजाडायच्या आत रानात जातात. तेंदूची पानं तोडायला माणसं पहाटे निघतात आणि ऊन चढेपर्यंत परत येऊन सावलीत पुडे बांधत बसतात. औत-वखरवाला गडी पहाटे जुंपतो, दुपारी सोडतो. उन्हाळ्यात शाळासुद्धा सकाळची होते.

निंदणाचं आणि वेचणीचं तेवढं वेगळं. ते बायकांचं काम. पहाटे उठून पाणी, झाडणं, चूल, भाकरी, पोरांची तयारी, नवऱ्याचा डबा, सासूचा चहा एवढं आवरून बाई घराबाहेर पडते ते दहा-अकराला, आणि शेतातून उठते पाच-साडेपाचला. ज्या चार-पाच तासांत सावली आखूड असते, जगभरचे त्वचेचे डॉक्टर ज्या वेळात बाहेर पडू नका म्हणून ओरडतात, नेमके तेवढे तास तिने भाड्याने दिलेले. गड्याचं काम उन्हाच्या आधी सुरू होतं आणि बाईचं काम घरकाम संपल्यावर. यात सूर्याचा काय दोष? त्याने तर पहाटेची वेळ दोघांसाठी मोकळीच ठेवली होती. ती चुलीत गेली.

पण बाईने यावर एक उपाय काढलेला आहे, आणि त्यासाठी तिने कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहिलेली नाही. तो म्हणजे नवऱ्याचा जुना, पूर्ण बाहीचा शर्ट. साडीवरून चढवायचा, बाह्या मनगटापर्यंत खाली, गळ्याचं बटण लावलेलं, कॉलर उभी, आणि डोक्याला दुपट्टा किंवा रुमाल असा बांधायचा की कपाळ आणि कान झाकले जावेत. शर्ट घालण्याचं तिचं पहिलं कारण ऊन नसतं. पऱ्हाटीची बोंडं ओरखडतात, काचकूच लागते, फवाऱ्याचा वास बाहीवर राहिलेला बरा. ऊन अडतं ते या सगळ्याबरोबर फुकटात. वेचणीच्या वावरात अशा दहा-बारा जणी ओळीने चालताना दिसल्या की गावातल्या सगळ्या नवऱ्यांचे गेल्या पाच वर्षांतले शर्ट एका नजरेत बघून होतात. लग्नातला, मामेभावाच्या साक्षगंधातला, निवडणुकीतला.

कापडाने ऊन किती अडतं हे मोजायचं माप ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ मध्ये ठरवलं. कापडावर ५० आकडा असेल तर पन्नासातला एक भाग किरण आत जातो. या मापाने साधा पांढरा, पातळ सुती सदरा पार ढेपाळतो. घामाने भिजला तर आणखीच. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, जाड कापड पुढे जातं; पॉलिस्टरची मिसळ असली तर वर्गात वरचा नंबर. म्हणजे खादीच्या प्रेमाने जो पातळ पांढरा कुर्ता आपण मेमध्ये घालतो तो हवेसाठी उत्तम आणि किरणांसाठी उघडं दार.

यातलीच एक गोष्ट मला फार आवडते. बोंडातून निघालेल्या कच्च्या कापसात स्वतःचा थोडा नैसर्गिक रंग असतो, किंचित पिवळट. त्या न उजळवलेल्या कापसाचं कापड अतिनील किरण जास्त अडवतं. तेच कापड गिरणीत ब्लीच करून पांढरंशुभ्र केलं की ही ताकद कमी होते. आमच्या तालुक्यातून कापूस सावळा जातो, गोरा होऊन परत येतो आणि तेवढ्यासाठी अंगचा एक गुण घालवून बसतो.

माणसांचंही हेच चाललेलं आहे. गोरं करण्याचं वचन देणारी पहिली मोठी क्रीम १९७५ मध्ये भारतात बाजारात आली आणि २०२० मध्ये तिने नावातून 'फेअर' शब्द काढून टाकला. पंचेचाळीस वर्षांत किती ट्यूबा संपल्या असतील कोण जाणे. बाजार उजळला एवढं नक्की. ती क्रीम परवडली, त्याहून वाईट प्रकार म्हणजे औषधाच्या दुकानातून 'डाग जायची' म्हणून कोणालाही न विचारता आणलेली मलमं. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा खरोखर उजळतो, शेजारीण विचारते, आणि तीही ट्यूब आणते. मग कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात, मुरूम येतात, आणि बंद केलं की दुप्पट बिघडतं. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. ज्या कातडीने उन्हाशी एकटीने इतकी वर्षं झुंज दिली, तिलाच पाठीमागून घातलेला हा घाव आहे.

वांगाचं दुखणं तर बायकांनाच जास्त. बाळंतपणाच्या आसपास गालांवर तपकिरी छटा येते, आणि त्यावर रोज ऊन पडत राहिलं की ती जायचं नाव घेत नाही. गावात त्याला अंगातली उष्णता म्हणतात आणि सब्जा प्यायला सांगतात. सब्जा प्यावाच, गार असतो. पण तो पोटात जातो आणि वांग गालावर असतं.

आता सनस्क्रीन. वणीतल्या कॉलेजच्या मुलींना त्याचं सगळं माहीत आहे; त्या सनकोट घालून, स्कार्फने डोळ्यांपुरतं तोंड उघडं ठेवून स्कूटीवर निघतात तेव्हा सख्ख्या बापालाही ओळखू येत नाहीत, आणि हा त्या स्कार्फचा दुसरा फायदा मानला जातो. सनस्क्रीन चांगलंच आहे. ३० आकड्याचं नीट लावलं तर 'बी' किरणांचा ९७ टक्के भाग अडतो, ५० चं लावलं तर ९८. खरी मेख 'नीट' या शब्दात. तोंडाला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लावायचं, आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. हिशेब करा. दिवसातून दोनदा लावलं तरी पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत नाही, आणि तिला निंदणाची एक-दोन दिवसांची मजुरी मोजावी लागते. शिवाय दुपारी दोन वाजता मातीने भरलेल्या हातांनी ती लावणार कोण? पऱ्हाटीच्या तासात उभं राहून कोणी बाई आरशात बघून क्रीम लावू लागली तर मुकादम म्हणतो, "काहून वो, वरात निंगाली का?"

म्हणून झरी जामणीसाठी माझं मत कापडाच्या बाजूने आहे. पुरुषांनीही ते मनावर घ्यावं, कारण या बाबतीत गडी माणूस बाईपेक्षा अडाणी आहे. अर्ध्या बाहीचा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, आणि डोक्यावर पांढरी टोपी. त्या टोपीला कड नाही. तिने टक्कल तेवढं झाकलं जातं, कान, नाक, मान सगळं उन्हाच्या ताब्यात. शेला किंवा दुपट्टा डोक्याला गुंडाळणारे जुने लोक जास्त शहाणे होते. ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये कर्करोगाविरुद्ध काम करणारे लोक दूरदर्शनवर एका पक्ष्याकरवी गाणं गाऊन सांगत होते की शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला. त्या यादीतही शर्टचा नंबर पहिला होता. आमच्या बाया हे गाण्याशिवाय करत होत्या.

हाडांसाठी ऊन लागतं हे खरं आहे, आणि सावळ्या कातडीला ते जरा जास्त वेळ लागतं. म्हणून उन्हाला घाबरून कोणी घरात बसू नये. सहा तास निंदणाऱ्या बाईला ऊन कमी पडेल ही काळजी मात्र झरीत तरी कोणी करू नये. एक गोष्ट मात्र टाळू नका: उन्हातल्या जागेवर एखादा फोड किंवा जखम महिना-दीड महिन्यात भरली नाही, किंवा एखादा तीळ आकार बदलू लागला, तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा.

बाकी नवऱ्यांना माझी एक विनंती आहे. दिवाळीला शर्ट घ्याल तेव्हा पूर्ण बाहीचा घ्या, गडद रंगाचा घ्या, घट्ट विणीचा घ्या, आणि कॉलर मानेपर्यंत चढते की नाही ते बघून घ्या. दोन वर्षांनी तो शर्ट तुमचा नसतो.